कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल

ज्याने कधी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मुळापासून बांधून बसवलं आहे, त्याला तीन आज्ञा झोपेतून उठवून विचारल्या तरी येतील: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. अगदी 'बे एके बे'सारख्या. पाढे कोणी रचले हे शाळेत कोणी विचारत नाही, तसंच याचंही. मला मात्र हल्ली त्या पहिल्या आज्ञेचं कुळ शोधावंसं वाटलं. का, ते पुढे येईलच.

आधी गाठोडं उघडू. मूळ संहिता ज्यात बांधून येते त्याला टारबॉल म्हणतात. यातलं 'टार' म्हणजे टेप आर्काइव्ह. १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन आपला जीएनयू ईमॅक्स खरोखरच टेपवर भरून १५० डॉलरला पाठवायचा. (नेटवर्कवरून फुकट उतरवता यायचा, पण तेव्हा नेटवर्क होतं किती जणांकडे!) गाठोडं सोडलं की समोर रीडमी, म्हणजे घराची ओसरी. शेजारी इन्स्टॉल नावाची फाइल, परवान्याची कॉपीइंग. आत 'एसआरसी' हे माजघर, तिथे खरी संहिता. 'टेस्ट्स'मध्ये चाचण्यांचं सामान. आणि बऱ्याच गाठोड्यांत 'एम४' नावाची एक अडगळीची खोली असते. तिथे सहसा कोणी डोकावत नाही.

आता कॉन्फिगर. ऐंशीच्या दशकात युनिक्स म्हणजे एक कुटुंब, पण चुली वेगळ्या. बर्कलीचं निराळं, एटी अँड टीचं निराळं, सन आणि एचपीचं आणखी निराळं. मजकुरात एखादं अक्षर शोधणाऱ्या फंक्शनचं नाव बर्कलीकडे 'इंडेक्स', तर सिस्टिम फाइव्हमध्ये 'एसटीआरसीएचआर'. काम तेच! म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेला की मेकफाइल हाताने दुरुस्त करत बसा. लॅरी वॉलने (१९८७ मध्ये पर्ल आणणारा तोच) १९८४ च्या आपल्या 'आरएन' या प्रोग्रामसोबत कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट दिली. ती यंत्र चाचपायची आणि वापरणाऱ्याला प्रश्नही विचारायची.

जून १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी जीएनयूची बरीचशी छोटी साधनं सांभाळत होता. वापरणाऱ्याने मेकफाइलमध्ये निवडायचे पर्याय वीसच्या घरात गेले होते. त्यातून ऑटोकॉन्फ जन्माला आलं. याची रीत मला फार आवडते: कोणाला काही विचारायचं नाही. अमुक फंक्शन आहे का? दोन ओळींचा प्रोग्राम लिहून बांधून बघायचा. बांधला गेला तर 'आहे'. पडद्यावर सरसर धावणाऱ्या त्या 'चेकिंग'च्या ओळी म्हणजे हीच उलटतपासणी.

मॅकेन्झीने आणखी एक सोय केली. ऑटोकॉन्फ फक्त लेखकाकडे असावं, वापरणाऱ्याला त्याची गरज पडू नये. म्हणून तयार झालेली कॉन्फिगर स्क्रिप्ट टारबॉलमध्येच घालून द्यायची. परिणाम असा, की टारबॉलमध्ये अशा काही फाइली असतात ज्या लेखकाच्या मूळ भांडारात नसतातच. तयार झालेली स्क्रिप्ट असते हजारो ओळींची. ती वाचतो कोण?

पुढे डेबियनचं डीपीकेजी आणि १९९९ पासून एपीटी आलं, आणि बहुतेकांची या तीन आज्ञांतून सुटका झाली. पण आज्ञा संपल्या नाहीत. आपल्या वतीने पॅकेज बांधणारा कोणी तरी त्या देतच असतो.

मार्च २०२४. पोस्टग्रेसवर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड एका यंत्रावर काही मोजमापं घेत होता. त्याला दिसलं की एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! माग काढत तो 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजपाशी पोचला. दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी त्यात चोरदरवाजा ठेवला होता. मुख्य माल 'टेस्ट्स'मध्ये, चाचणीच्या फाइली म्हणून. तो उघडणारी किल्ली एका एम४ फाइलमध्ये, आणि तीही फक्त टारबॉलमध्ये. मूळ भांडारात तिचा मागमूस नव्हता. दोन्हींत असा फरक असणं कोणालाच वावगं वाटणार नव्हतं. १९९१ पासूनची रीतच तशी. कॉन्फिगर धावली की किल्ली फिरायची.

५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत हे होतं. डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत ते पोचलं, स्थिर आवृत्तीत यायच्या आधी सापडलं. म्हणून तुमची-माझी यंत्रं वाचली. फ्रॉइंडने माहिती जाहीर करताना स्वतःच लिहिलं होतं की तो काही सुरक्षातज्ज्ञ नाही.

हल्ली टारबॉल सोडला की मी माजघरात जाण्याआधी एम४ची ती खोली उघडतो आणि आतल्या फाइली मूळ भांडाराशी ताडून बघतो. तासभर जातो. घरचे विचारतात, एवढा वेळ काय बसवतोयस?