पुस्तकाची पायरी

दिवाळीच्या फराळाबरोबर मुलांच्या हाती एखादे नवे पुस्तक ठेवावे, ही चाल आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून अजून टिकून आहे. मात्र पुस्तक निवडताना आईबाप थबकतात. मलपृष्ठावर छापलेले असते, ‘वय ८ ते १०’. आपला बाळ आठाचा झाला खरा, पण हे त्याला झेपेल का? अलीकडे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी काही कुटुंबेही दिसू लागली आहेत. त्यांच्यापुढे ना इयत्ता, ना क्रमिक पुस्तक. वाचनाच्या पायऱ्या त्यांना स्वतःच बांधाव्या लागतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. वर्षाला साडेसातशे सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आमच्या आंबोलीत मुले आषाढ-श्रावणात घरातच कोंडलेली असतात. त्यामुळे ‘मास्तर, ह्याला काय वाचायला देऊ?’ हा प्रश्न मला नेहमीचाच झाला आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या पायऱ्या मुळात कोणी बांधल्या, हे पाहिलेले बरे.

आपल्या पूर्वजांनी देवनागरीला ‘बालबोध’ म्हटले, म्हणजे मुलांनाही कळावी अशी लिपी. व्यवहाराला मोडी आणि ग्रंथाला बालबोध, अशी वाटणी होती. पण नाव बालबोध असले तरी बालांसाठी पुस्तक असे नव्हतेच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, श्लोक पाठ करायचे. छापील गोष्ट आली ती एकोणिसाव्या शतकात. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या; पुढे मुंबईला सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ मध्ये निघाली. त्यांचा ‘बाळमित्र’ मुळात फ्रेंच. तो इंग्रजीतून मराठीत उतरला. या पुस्तकांवर इयत्तेचा आकडा नव्हता. गोष्ट आधी आली, पायरी मागून.

पायरी आली ती सरकारी शिक्षणखात्याबरोबर. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात हे खाते उभे राहिले आणि १८६० च्या सुमारास मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठीची क्रमिक पुस्तके तयार झाली. हा इंग्रज गृहस्थ मोठा चिकाटीचा. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, अशी ही शिडी. साध्या अक्षरांवरून काना-मात्रा-वेलांटीवर, तिथून जोडाक्षरांवर आणि मग लांब वाक्यांवर जायचे. हजारो मुलांना एकसारखे शिकवायचे तर अशी शिडी हवीच. पण शिडी सर्वांसाठी एक, आणि चढणारे पाय मात्र निरनिराळे!

त्याच काळात पुण्यातल्या एका घरात वेगळेच शिक्षण चालले होते. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी स्वतः शिकवायला घेतले, घरी शिक्षिका ठेवली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे रुचत नव्हते, तरी अभ्यास थांबला नाही. रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हे सारे आहे. पाटीवर मुळाक्षरांपासून सुरुवात करणारी ही मुलगी पुढे मराठीतले एक उत्तम गद्य लिहून गेली. घरच्या शिक्षणात पुढची पायरी तारीख पाहून चढायची नसते. पाय स्थिरावला की चढायची असते.

शिडीबाहेरचे वाचनही मराठीत लवकरच आले. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये सुरू झाले, वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये. घरातली थोरली ताई ते वाची आणि धाकटे ऐकत. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ ची. तिच्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. बेचाळीस रात्री, म्हणजे बेचाळीस वेळा जवळ बसून ऐकायचे पुस्तक! सात वर्षांच्या मुलाला ते स्वतः वाचणे जड. ऐकायला मात्र मुळीच जड नाही. कान नेहमी डोळ्यांच्या दोन पायऱ्या पुढे असतो.

हल्ली इंग्रजीत पुस्तकाची पातळी गणिताने काढतात. शब्द किती लांब, वाक्य किती लांब, ते मोजायचे. मराठीला ते माप नीट बसत नाही. ‘घरासमोरच्यालाच’ हा आपला एकच शब्द, आणि तो कोणत्याही मुलाच्या जिभेवर सहज येतो. ‘सुट्टी’त जोडाक्षर आहे, म्हणून कोणी अडखळलेला मी पाहिला नाही. उलट ‘उपवन’ अक्षरांनी पहिल्या पायरीचा, आणि अर्थाने कितीतरी वरचा. त्यातून आमची मुले मालवणी बोलणारी. पुस्तकात ‘अंगण’, घरी ‘खळा’. पुस्तकात ‘कुठे’, घरी ‘खंय’. म्हणजे पहिलीच पायरी इथे हातभर उंच. ‘प्रथम बुक्स’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टींना चार पातळ्या दिल्या आहेत. निवडताना त्यांचा उपयोग होतो. परंतु मूल घरी काय बोलते, हे मलपृष्ठावरच्या आकड्याला कसे कळावे?

म्हणून मी आईबापांना सांगतो, घरात दोन फळ्या ठेवा. खालच्या फळीवर मुलाने एकट्याने वाचायची पुस्तके, थोडी सोपीच. अडखळत वाचणाऱ्याला गोष्टीची गोडी लागत नाही. वरच्या फळीवर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायची, खुशाल अवघड. मधल्या जागेत कविता ठेवा. आमच्याच जिल्ह्यात जन्मलेले विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांनी मुलांसाठी भरपूर लिहिले आहे. विंदांची ‘राणीची बाग’ १९६१ ची, पण तिच्यातले प्राणी अजून म्हातारे झालेले नाहीत. कविता आधी पाठ होते, मग वाचता येते, आणि पुष्कळ वर्षांनी कळते. तिला पायरीच नसते.

आणि पारख? ती सोपी आहे. पुस्तक मिटल्यावर मुलाला प्रश्न विचारू नका. संध्याकाळी आजीसमोर त्याला ती गोष्ट गजालीसारखी सांगू द्या, मालवणीत, हातवारे करून, मनची चार वाक्ये घालून. सांगता आली तर पुस्तक त्याच्या पायरीचे. गोष्ट अर्ध्यावर विसरून तो खळ्यात पळाला, तर ते पुस्तक आणखी वर्षभर वरच्या फळीवर राहू द्या. तिथे ते वाया जात नाही. तोवर तुम्ही त्याला ते वाचून दाखवायचे आहे.