करवंटी कोणी निवडायची?

नारळाच्या या मुलखात आजचा विषय समजावणे सोपे आहे. संगणकाच्या युनिक्स प्रणालीत आतल्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात, ते खोबरे. बाहेरून आपला हात लागतो ते 'शेल', ती करवंटी. आपण टंकलेली आज्ञा शेल वाचते व गाभ्याकडून काम करवून घेते. मुकादमच म्हणा ना!

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्यांनी शेल गाभ्यात न गुंतवता वेगळे, बदलता येण्याजोगे ठेवले. पुढचा सारा इतिहास या निर्णयातून घडला. थॉम्प्सन यांचे शेल १९७१ चे. १९७९ साली स्टीफन बोर्न यांचे आले; त्याच सुमारास बर्कलेला बिल जॉय यांनी सी-शेल रचले. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीसाठी 'बॅश' लिहिले, तर १९९० साली पॉल फाल्स्टॅड यांनी 'झेड-शेल'.

आपल्याकडे १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणाचा करार केला. पुढे शाखांत आलेल्या पुष्कळ यंत्रांवर युनिक्सच चालत असे.

'सीएचएसएच' ही आज्ञा देऊन ज्याने त्याने आपले शेल बदलावे, अशी सोय आहे. मात्र निवड मान्य यादीतूनच करावी लागते. मला ही अट जाचक वाटे. एकदा कचेरीतल्या यंत्रावर मी यादी डावलून खात्यांच्या नोंदवहीत हाताने नाव लिहिले, तेही चुकीचे. दुसऱ्या दिवशी आमचेच दार आम्हाला बंद! शिस्त कशासाठी असते, ते त्या दिवशी कळले.

परंतु बदल वरूनही येतो. २००६ साली उबुंटूने 'एसएच' या जुन्या नावामागचे बॅश काढून हलकेफुलके 'डॅश' बसवले. वेग वाढला, पण बॅशच्या खास लकबींवर विसंबून लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या अडल्या. पाटी तीच, मुकादम नवा! २०१९ साली ॲपलने नव्या खात्यांना झेड-शेल दिले. जुन्या खात्यांचे शेल मात्र तसेच ठेवले, आणि बदलायचे असल्यास कसे बदलावे, याची सूचना पडद्यावर लावली.

औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली आलेल्या कलम ९-अ ने कामाच्या ठरावीक शर्ती बदलण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस देणे मालकावर बंधनकारक केले होते. त्यामागचे तत्त्व हेच. हत्यार जरूर बदला. पण ते ज्याच्या हातात आहे, त्याला आधी सांगा.