पनवेलचें चाक आणि पडद्यावरचा खेळ

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या आजच्या प्रवाशास पनवेल केव्हां आलें व केव्हां मागें पडलें याचें भानहि रहात नाहीं. दीडशें-पावणेदोनशें वर्षांपूर्वींची गोष्ट निराळी होती. १८३० सालीं बोरघाटाचा रस्ता गाड्यांस खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून पनवेलच्या खाडीवर येऊं लागला. तेथें तो होड्यांत भरावयाचा व जलमार्गानें मुंबईस न्यावयाचा, असा क्रम पुष्कळ वर्षें चालला. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, यावरूनच गांवाच्या महत्त्वाची कल्पना येते. पुढें १८६३ सालीं घाटांतून आगगाडी सुरू झाली; ती कल्याण-कर्जतच्या वाटेनें गेली आणि पनवेल बाजूस राहिलें. परंतु जुन्या सरकारी गॅझेटियरांत या गांवाविषयीं एक लहानशी नोंद आहे व तिच्यावरूनच प्रस्तुत लेख सुचला. पनवेलच्या प्रमुख धंद्यांत गाड्यांचीं चाकें घडविण्याचा धंदा होता, अशी ती नोंद.

देशावरून उतरलेला एखादा गाडीवान येथें चाकांची जोडी विकत घेत आहे, असें चित्र आपण क्षणभर डोळ्यांपुढें आणूं. त्यानें चाक उभें करून पाहिलें, आरे ठोकून पाहिले, घासाघीस केली, रुपये मोजले व चाकें आंसावर चढविलीं. त्या क्षणीं सुताराचा त्या चाकांवरील हक्क संपला. गाडीवानानें तीं साताऱ्यास न्यावीं कीं सोलापुरास, त्यांवर ज्वारी लादावी कीं कापूस, हें सुतारानें विचारावयाचें नाहीं. चाक मोडलें तर तें गांवच्या सुताराकडून दुरुस्त करून घेतां येई. नकोसें झालें तर दुसऱ्यास विकतां येई. गाडीवानाच्या पश्चात् तें त्याच्या मुलाकडे जाई. पनवेलच्या सुतारानें दुकान बंद केलें म्हणून घाटांत चढणीवर असलेलें चाक फिरावयाचें थांबलें, असें कोणी सांगितलें असतें, तर गाडीवानानें तो भुताटकीचा प्रकार मानला असता.

आज नेमकी तीच भुताटकी आपण रोज पैसे देऊन घरांत आणीत आहों, आणि योगायोग असा कीं, तिचाहि एक मोठा तळ पनवेलासच आहे. जुलै २०२० मध्यें येथें 'योट्टा' या कंपनीच्या पहिल्या मोठ्या विदाकेंद्राचें उद्घाटन झालें. सात हजारांहून अधिक संगणक-फडताळें मावतील एवढी ती इमारत आहे. असल्या केंद्रांत ठेवलेले संगणक आपल्या घरांतील पडद्यावर पत्रें, चित्रें, पुस्तकें व खेळ पोंचवितात. बंदर गेलें, पण माल साठविण्याचा व पाठविण्याचा पनवेलचा जुना व्यवसाय या रूपानें परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच महिन्याच्या २० तारखेस आपल्या देशांत नवा ग्राहक संरक्षण कायदा अंमलांत आला. माल अदृश्य झाला आणि गिऱ्हाइकाचा कायदा नवा झाला, अशा या दोन घटना एकाच महिन्यांतल्या. या नव्या मालाच्या बाबतींत 'विकत घेणें' या शब्दांना कांहीं अर्थ उरला आहे काय, हा प्रश्न त्यांच्या शेजारीं उभा रहातो.

आपल्याकडील गिऱ्हाइकाच्या हक्कांचा इतिहास पाहिला तर तो प्रथम वजनाचा व मापाचा इतिहास आहे. गांवोगांवचा शेर निराळा, पायली निराळी. तेव्हां फसवणूक तराजूंतच होई. वस्तूंच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा, मुंबई इलाख्याचा वजनमापांचा कायदा १९३२ चा, आणि दशमान वजनें १९५८ पासूनचीं. कायदे झाले तरी गिऱ्हाईक एकटेंच होतें. तें एकटेपण मोडण्याचें काम महाराष्ट्रांत मध्यमवर्गीय कुटुंबांनीं, विशेषतः गृहिणींनीं केलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९६६ सालीं मुंबईंत नऊ स्त्रियांनीं 'कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ च्या सुमारास पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली व १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली.

पंचायतीची रीत साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनीं आपला एक संघ करावयाचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यावयाची, आणि पंचायतीनें तो माल घाऊक दरानें घेऊन संघापर्यंत पोंचवावयाचा. वाटणीच्या दिवशीं एखाद्याच्या दिवाणखान्यांत तूरडाळीच्या व साबणाच्या राशी पडत व सभासदच तें सामान घरोघरचें लावून देत. या कामांतून पैशाची बचत झाली हें खरेंच. पण त्याहून मोठा लाभ म्हणजे आपण मुकाट्यानें मिळेल तें घेणारे नसून प्रश्न विचारणारे आहों, अशी जाणीव अनेक घरांत उत्पन्न झाली. १९८६ च्या डिसेंबर महिन्याच्या २४ तारखेस ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली, तो दिवस आजहि राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या मागें अशा संघटित गिऱ्हाइकांचें बळ होतें. परंतु या सर्व चळवळीचें एक गृहीतकृत्य होतें : माल डोळ्यांनीं दिसतो व हातीं लागतो. डाळींतला खडा दाखवितां येत होता.

सॉफ्टवेअर आलें तें प्रथम तबकडीवर आलें, म्हणून अडचण लगेच जाणवली नाहीं. तरी वाद झालाच. बाजारांत तयार मिळणारें सॉफ्टवेअर हा 'माल' आहे कीं नाहीं, हा प्रश्न मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या विक्रीकराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांपुढें गेला. हें तर बुद्धीचें काम, त्यास वस्तु कसें म्हणावें, असें कंपनीचें म्हणणें होतें. ५ नोव्हेंबर २००४ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, पुस्तकांतला विचार किंवा ध्वनिमुद्रिकेंतलें गाणें जसें माध्यमावर उतरल्यावर विकाऊ वस्तु होतें, तसेंच हेंहि होय. पुढें २ मार्च २०२१ रोजीं प्राप्तिकराच्या एका वादांत याच न्यायालयानें आणखी एक भेद स्पष्ट केला. सॉफ्टवेअरची प्रत घेणाऱ्यास कर्त्याचा लेखाधिकार मिळत नाहीं, ती प्रत तेवढी मिळते; म्हणून तो देतो ती रक्कम प्रतीची किंमत होय. दोन्ही निकाल करांच्या वादांतले आहेत हें विसरतां कामा नये. पण सरकारला कर घेतांना जो माल आहे, तो गिऱ्हाइकानें तक्रार नेली कीं हवेंत विरून जावा, हें न्यायास धरून कसें होईल ?

लेखाधिकाराच्या कायद्यानेंहि गिऱ्हाइकाचा थोडा विचार केला आहे. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची प्रत हरवूं वा बिघडूं नये म्हणून जपणुकीची दुसरी प्रत करण्यास त्यांत मुभा आहे. आणि १९९९ च्या दुरुस्तीनें स्वतःच्या, धंद्याव्यतिरिक्त उपयोगासाठीं प्रत किंवा फेरफार करण्याचीहि मोकळीक दिली. गांवच्या सुतारानें चाकास नवा आरा बसवावा, त्यांतलाच हा प्रकार. पण जी वस्तु आपल्या घरीं पुरती आलेलीच नाहीं, तिची प्रत करावयाची कशी ?

येथें एक घरगुती अनुभव सांगतों. आमच्या कपाटांत बुद्धिबळाच्या खेळाची एक तबकडी आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वीं ती लॅमिंग्टन रोडवर घेतली. ती करणारी कंपनी हयात आहे कीं नाहीं, याची चौकशी करण्याची गरज आम्हांस कधीं पडली नाहीं. जुन्या संगणकांत तबकडी घातली कीं डाव मांडला जातो. याच घरांत दोन वर्षांपूर्वीं मुलीच्या अभ्यासासाठीं 'आजीवन' अशी जाहिरात वाचून एका कंपनीकडून एक सॉफ्टवेअर घेतलें. एके सकाळीं पत्र आलें कीं, अमुक तारखेपासून ही सेवा बंद होत आहे. 'आजीवन' या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हां उत्तर मिळालें कीं, तें आयुष्य सेवेचें, तुमचें नव्हे. करारांत तसें लिहिलेलें होतें, आणि 'मान्य' या शब्दावर बोट आम्हींच ठेवलें होतें. रक्कम मोठी नव्हती. पण मुलीनें विचारलें, "मग आपण तें घेतलें होतें कीं भाड्यानें आणलें होतें ?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तो प्रश्न जगांत पुष्कळांनीं विचारला आहे. २००९ च्या जुलै महिन्यांत अमेझॉन कंपनीनें, विक्रेत्यास हक्कच नव्हता असें आढळल्यावरून, वाचकांच्या किंडल यंत्रांतून एक कादंबरी परभारें काढून घेतली. ती कादंबरी जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' असावी, याहून बोलका योगायोग नाहीं. पैसे परत मिळाले, कंपनीनें पुढें माफीहि मागितली; तथापि विकलेलें पुस्तक दुकानदारास आपल्या घरांतून नेतां येतें, हें सर्वांस कळून चुकलें. खेळांच्या बाबतींत असा प्रसंग 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळावर आला. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीनें तो २०१४ सालीं विक्रीस आणला. कंपनीच्या संगणकाशीं जोडल्यावांचून तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजीं तो संगणक बंद झाला व पूर्ण किंमत देऊन घेतलेला खेळ, एकट्यानें खेळावयाचा भागहि, निरुपयोगी झाला. सुतारानें दुकान बंद केलें आणि घाटांतलें चाक थांबलें तें असें !

यावर रॉस स्कॉट नांवाच्या एका खेळप्रेमी गृहस्थानें 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. युरोपियन युनियनमधील नागरिकांनीं त्यासाठीं मांडलेल्या अर्जावर जुलै २०२५ मध्यें दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें १ जानेवारी २०२५ पासून असा नियम केला कीं, नुसता परवाना देत असतां, तसें स्पष्ट सांगितल्यावांचून, 'विकत घ्या' हे शब्द वापरतां येणार नाहींत. शब्द प्रामाणिक असावा, एवढीच ही मागणी. पण बाजारांतला बहुतेक न्याय शब्दापासूनच सुरू होतो.

कंपन्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. संगणक चालविण्यास वीज लागते, माणसें लागतात. खेळणारे थोडे उरले असतां तो खर्च जन्मभर करावा, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. चळवळवाल्यांचेंहि तसें म्हणणें नाहीं. दुकान खुशाल बंद करा, पण जातांना चाक स्वतः फिरेल अशा स्थितींत ठेवून जा, एवढेंच ते मागतात. खेळ म्हटला कीं आपल्या घरांत वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात आणि पैसे लावण्याच्या खेळांची आठवण काढतात. त्या खेळांस २०२५ सालच्या कायद्यानें आपल्या देशांत बंदी केली, तो विषय वेगळा. येथें प्रश्न करमणुकीचा नसून तत्त्वाचा आहे. आज खेळाच्या बाबतींत जें चालवून घेतलें, तें उद्यां पुस्तकाच्या, शाळेच्या अभ्यासाच्या व दुकानाच्या हिशेबवहीच्या बाबतींत चालवून घ्यावें लागेल.

आपला कायदा या बाबतींत अगदींच मुका नाहीं. २०१९ च्या कायद्यानें विजेच्या जाळ्यावरून होणाऱ्या खरेदीविक्रींत 'डिजिटल' वस्तूंचा उल्लेख स्पष्टपणें केला आहे. गिऱ्हाईक जेथें रहातें तेथेंच तक्रार करण्याची सोय त्यांत आहे. म्हणजे पनवेलच्या माणसास कंपनीच्या गांवीं जाण्याचें कारण नाहीं, रायगड जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें कलम म्हणजे अन्याय्य कराराचें : सबळ कारण नसतां एका पक्षानें आपल्या मर्जीनें करार संपवावा, अशी अट त्यांत अन्याय्य ठरविली आहे. मात्र असल्या कराराची तक्रार जिल्ह्यांत नव्हे, तर राज्य आयोगापुढें करावी लागते. दोन-तीन हजारांच्या खेळासाठीं कोण तेवढी दगदग करील ? कंपन्यांचा भरंवसा कायद्यापेक्षां आपल्या याच कंटाळ्यावर असतो.

पण एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. एकाच प्रकारचें नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीनें एकानें तक्रार करावी, किंवा नोंदलेल्या ग्राहकसंस्थेनें ती करावी, यास तोच कायदा वाव देतो. पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या आयांनीं व आज्यांनीं दिवाणखान्यांत डाळ वांटून जो धडा घालून दिला तो हाच. एक किलो डाळीसाठीं भांडण्यास त्याहि कोर्टांत गेल्या नसत्या. त्यांनीं याद्या एकत्र केल्या. आपणांस आतां करार एकत्र वाचावे लागतील, 'आजीवन' या शब्दाची किंमत एकत्र विचारावी लागेल, आणि मुलांस 'मान्य' म्हणण्यापूर्वीं तो वाचावयास शिकवावें लागेल. मुलीच्या प्रश्नास आम्हांस अद्याप पुरें उत्तर देतां आलेलें नाहीं. पण तो प्रश्न मात्र ती आतां प्रत्येक खरेदीच्या आधीं विचारते. पनवेलच्या बाजारांत आरे ठोकून पहाणाऱ्या गाडीवानानेंहि याहून वेगळें काय केलें असेल ?