युका-लेली
त्रिमितीय प्लॅटफॉर्म प्रकारातील व्हिडिओ गेम (२०१७). निन्टेन्डो ६४ वरील ‘बँजो-काझूई’ची (१९९८) परंपरा पुढे नेण्यासाठी रेअर कंपनीतील जुन्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये प्लेटॉनिक गेम्स स्थापून तो घडवला. २०१५ मध्ये किकस्टार्टरवर चाहत्यांनी त्यासाठी २० लाख पौंडांहून अधिक निधी दिला. युका हा सरडा आणि त्याच्या डोक्यावर बसणारे लेली हे वटवाघूळ पाच जगांत पिसे व सोनेरी पाने गोळा करतात. पिसे देऊन नवी कौशल्ये मिळतात. पाने खर्चून नवे जग उघडायचे की उघडलेलेच विस्तारायचे, हे खेळाडू ठरवतो. कोपरान्‌कोपरा धुंडाळण्याचा आनंद यामुळे दुणावतो. कॅमेरा मात्र अरुंद जागी अडखळतो. ग्रँट कर्कहोप आदींचे खेळकर संगीत अप्रतिम आहे.