सरदार बहादूर लादेन ला : ल्हासाच्या पोलीस दलाचे संस्थापक

सोनम वांगफेल लादेन ला (१८७६-१९३६) हे दार्जिलिंगचे बौद्ध पोलीस अधिकारी. ब्रिटिश सरकारने त्यांना 'सरदार बहादूर' ही पदवी आणि सी.बी.ई. हा सन्मान दिला. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

१९१३ साली चार तिबेटी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेण्यात आले, तेव्हा लादेन ला त्यांच्यासोबत होते. पुढे १९२३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी त्यांना ल्हासाला बोलावले. काम होते राजधानीत आधुनिक पोलीस दल उभारण्याचे. दल उभे राहिले, पण ते सैन्याला रुचले नाही. १९२४ मध्ये सैनिक आणि पोलीस यांच्यातील भांडण विकोपाला गेले. सेनापती त्सारोंग यांनी दोषी सैनिकाचा पाय तोडण्याची शिक्षा दिली आणि तो दगावला. अशा शिक्षांवर दलाई लामांनी आधीच बंदी घातली होती! सैन्याधिकारी दलाई लामांची राजकीय सत्ता कमी करू पाहत आहेत, अशी कुजबुज सुरू झाली. त्याच वर्षी लादेन ला परतले, १९२५ मध्ये त्सारोंग यांचे सेनापतिपद गेले आणि पोलीस दलाची रया गेली.

या कटात लादेन ला यांचा हात होता का? काही इतिहासकार ब्रिटिशांकडे आणि त्यांच्याकडे बोट दाखवतात, इतरांना ते मान्य नाही. आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९३० मध्ये नेपाळ आणि तिबेट युद्धाच्या उंबरठ्यावर असताना समेटासाठी पुन्हा लादेन ला यांनाच ल्हासाला पाठवले गेले आणि युद्ध टळले. दलाई लामांचा विश्वास पूर्ण उडाला असता, तर हे घडले नसते. अर्थात ते इंग्रज सरकारचे नोकर होते, हेही विसरून चालणार नाही.

धम्मकार्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९३४ च्या भूकंपानंतर घूमच्या विहाराच्या पुनर्बांधणीत त्यांनी पुढाकार घेतला. मैत्रेय बुद्धांच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध असलेला हाच तो विहार, दार्जिलिंगला जाणारे आपले अनेक उपासक तो पाहून येतात. गुरू पद्मसंभव यांच्या चरित्रातील भागांचे इंग्रजी भाषांतर करण्यातही ते होते. इव्हान्स-वेंट्झ यांनी ते १९५४ साली आपल्या ग्रंथात छापले. तोवर लादेन ला यांना जाऊन अठरा वर्षे झाली होती.