एशियाडची दिल्ली

दादर ते पुणे हा प्रवास ज्यांनी एसटीच्या निमआराम गाडीने केला असेल, त्यांना ‘एशियाड’ हा शब्द नवा नाही. स्थानकावर ‘एशियाड लागली का हो?’ अशी पृच्छा करणाऱ्या कित्येकांना मात्र हे नाव आपल्या दिल्लीहून तिकडे गेले आहे, याची कल्पना नसते. १९८२ च्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांत एसटीच्या ज्या गाड्यांनी दिल्लीत सेवा बजावली, त्या महाराष्ट्रात परतल्या आणि स्पर्धेचे नाव अंगावर घेऊन घाट चढू-उतरू लागल्या. मुलखापासून दूर राहणाऱ्या आम्हां दिल्लीकरांना या गोष्टीचे आजही कौतुक वाटते.

वस्तुतः दिल्लीचे यजमानपद त्याहून जुने. पहिल्या आशियाई स्पर्धा येथेच ४ ते ११ मार्च १९५१ या काळात भरल्या. प्रा. गुरुदत्त सोंधी यांच्या खटपटीने फेब्रुवारी १९४९ मध्ये पतियाळा हाऊसमध्ये आशियाई संघटनेची स्थापना झाली होती. फाळणीचे घाव ताजे, धान्याची टंचाई आणि हाती पैसा नाही, अशा स्थितीत ११ देशांना घरी बोलावणे हे धाडसच होते. १९५० साली ठरलेल्या स्पर्धा वर्षभर पुढे ढकलाव्या लागल्या. १९३३ साली उभारलेल्या आयर्विन अँफिथिएटरचे ‘नॅशनल स्टेडियम’ झाले आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी तेथे उद्घाटन केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ज्या जपानला निमंत्रण नव्हते, तो जपान दिल्लीत सन्मानाने आला आणि पदकतालिकेत पहिला ठरला. यजमान दुसरे. सचिन नाग यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. मुंबईचे लेव्ही पिंटो १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यतींत पहिले आले. सार्वजनिक बांधकामाचे खाते त्या काळी आपल्या काकासाहेब गाडगिळांकडे होते, एवढे जाता जाता नमूद करतो.

१९८२ चा थाट निराळा. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, ३३ देश. नवे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, सिरीच्या भग्न तटाजवळ राज रेवल यांनी रचलेले क्रीडाग्राम, मूलचंदचा उड्डाणपूल. जंतरमंतरचे बोधचिन्ह आणि अप्पू हत्ती तर घरोघरी पोहोचले. आम्ही त्या वेळी शाळकरी वयात होतो. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले होते. पण सरकारी वसाहतीत रंगीत संच एखाद्याच घरी. त्या घरच्या काकूंनी चपला ठेवण्यासाठी गॅलरीत गोणपाट अंथरले होते, आणि तरीही चपलांची अदलाबदल होतच असे. गावाकडे आजीची पत्रे येत, ‘तुम्ही कुठे दिसता का ते पाहत होतो.’

१ डिसेंबरला पुरुष हॉकीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने आपल्याला ७–१ असे हरविले. त्या खोलीत दिवा लावण्याचेही कोणाला सुचले नाही. गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर लोकांनी नाही ते किटाळ आणले. २००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गात हेच नेगी होते, हे किटाळ आणणाऱ्यांपैकी किती जणांनी ध्यानात घेतले असेल?

आम्हांला अधिक खटकते ते दुसरेच विस्मरण. आशियाई स्पर्धांत महिला हॉकी प्रथमच समाविष्ट झाली ती याच वर्षी, आणि तिचे पहिले सुवर्ण भारतानेच जिंकले. संघाची कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. १९८३ मध्ये तिला पद्मश्रीही मिळाली. परंतु ७–१ हा आकडा तोंडपाठ असणाऱ्या आमच्या पिढीतील मराठी माणसांना तिचे नाव विचारून पाहा. आम्हालाही ते पुष्कळ उशिरा कळले, ही कबुली दिली पाहिजे.

आणखी काही माणसांची तर नावेही उरली नाहीत. ही बांधकामे राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून जमादारांनी आणलेल्या मजुरांनी केली. किमान मजुरी रोज सव्वानऊ रुपये. तीतून जमादार एक रुपया दलाली कापून घेई. लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १८ सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे उद्घाटनाला दोन महिने उरले असताना, निकाल लागला: किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेली वेठबिगारी होय. सरकारी नोकरीत निविदा आणि कंत्राटांच्या फायली चाळताना आम्हाला हा एक रुपया अनेकदा आठवला आहे. नियम कागदावर चोख असतो. रुपया कापला जातो तो कागद आणि मजूर यांच्या मधल्या जागेत.

स्पर्धा संपल्यावर अप्पूच्या नावाने १९८४ साली प्रगती मैदानाजवळ अप्पू घर उघडले. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक भाचरंडाला तेथे नेणे हा आम्हा दिल्लीकर मामा-काकांचा वार्षिक कुलाचार होता. २००८ मध्ये ते बंद झाले. तिथल्या जागेवर आता सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत उभी आहे.