अमळनेरचा शेअर आणि रुपयाची झीज

आमच्या धनजच्या ग्रुपवर दर दिवाळीला एक मेसेज फिरतो. '१९८० ला विप्रोचा शंभर रुपयांचा एक शेअर घेतला असता, तर आज कोट्यधीश असता.' नेमके कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे हातात आलेले असतात, म्हणून तरणी पोरं तो मन लावून वाचतात. मेसेज खोटा नाही, अर्धा आहे.

ही कंपनी मुळात आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखातली. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हशम प्रेमजींनी खानदेशात अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' काढली. माल वनस्पती तूप, पुढे साबण. १९६६ मध्ये ते वारले आणि २१ वर्षांचा अझीम अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आला. कॉम्प्युटर नंतरचे. अमळनेरात ज्यांनी शेअर विकले नाहीत, त्यांचं भलं झालं.

हिशेब बघा. १९८० चा एक शेअर, बोनस आणि दर्शनी किमतीची विभाजनं धरून, २०२४ अखेर ५ लाख १२ हजार शेअर होतो. भाव तेव्हा साधारण ३०० रुपये, म्हणजे १५ कोटींच्या वर. (शंभर ही दर्शनी किंमत हो, बाजारभाव नव्हे. मेसेजवाले हे कधीच सांगत नाहीत.) आता महागाई. आयकर खात्याच्या निर्देशांकाने १९८१-८२ ते २०२४-२५ किमती साडेपंधरा पट झाल्या, आणि हा निर्देशांक तर खऱ्या वाढीचा पाऊण भागच धरतो. शंभराचे झाले साडेपंधराशे. १५ कोटींपुढे महागाई दिसतही नाही.

पण तोच शेअर फेब्रुवारी २००० मध्ये घेणाऱ्याचं काय? तेव्हा आयटीची हवा होती आणि भाव ९ हजारांच्या पुढे गेला होता. ९ हजारांचा तो एक शेअर २०२४ अखेर ५३ झाला. किंमत १६ हजार. वाटतं, फायदा झाला. पण त्याच निर्देशांकाने नुसती बरोबरी व्हायला जवळपास ३६ हजार लागत होते! निम्म्याहून जास्त पैसा महागाईने खाल्ला. लाभांश आणि २०१३ मध्ये वेगळा काढलेला तेल-साबणाचा धंदा मी धरलेला नाही, पण धरला तरी चित्र पालटत नाही. सात टक्के चक्रवाढीने हेच ९ हजार ४८ हजारांच्या आसपास गेले असते.

कंपनी तीच, मालक तेच. फरक फक्त कुठल्या भावाला घेतला याचा.

आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलचं नाव कुणी काढत नाही. जमशेदजी टाटांची ती गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, वऱ्हाडच्या कापसावर शंभर वर्षांहून जास्त चालली. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, नंतर बंदच पडली. आता तिथे मॉल आहे. तिच्या शेअरचा मेसेज फिरेल कसा?

आता सरकारकडे येतो. शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या वर, १२.५ टक्के कर आहे. त्यात महागाई वजा होत नाही. २३ जुलै २०२४ पासून सोनं आणि बहुतेक मालमत्तेचीही ती सोय काढून घेतली. म्हणजे २००० सालच्या त्या माणसाने मोठा गठ्ठा २०२४ अखेर विकला असता, तर खरा तोटा सोसूनही कागदावरच्या नफ्यावर कर भरावा लागला असता. हा कर नफ्यावर आहे की महागाईवर, एवढं तरी आपल्या खासदारांनी संसदेत विचारावं.